कलप वाळेपर्यंत

भिवा ओव्हाळ यांचा चेहरा कुणाच्या लक्षात राहावा असा नव्हता. मंत्र्यांच्या बंगल्यावर शिपाई म्हणून त्यांनी उभी नोकरी काढली, पण तिथं रोज त्यांच्या हातचा चहा घेणाऱ्यांनाही हा गृहस्थ उद्या पिंपरीच्या मंडईत भेटला तर ओळखू आला नसता. मात्र त्या चेहऱ्यावर दुसरं कुणीही येऊन बसायचं. खालचा ओठ जरा पुढे आला, मान खांद्यांत रुतली, डावा हात पाठीमागे गेला, की पिंपळे गुरवच्या त्या दोन खोल्यांत माजी मंत्री हिंदुराव कडूसकर साक्षात उभे राहायचे. भाजी निवडत बसलेल्या यशोदाबाई नकळत पदर सावरायच्या आणि मग स्वतःवरच चिडायच्या.

"या माणसानं मला खोड लावली," त्या लेकीला म्हणायच्या. "कडूसकर टीव्हीवर आला तरी डोक्यावर पदर घेते मी."

ही विद्या भिवांना जलशानं दिली. पिंपरीतल्या कारखान्यांचे भोंगे ऐकून माणसं घड्याळं लावत, त्या काळची गोष्ट. कामगार वसाहतीत जयंतीच्या आठवड्यात शाळेची बाकं जोडून रंगमंच व्हायचा. पडदा म्हणजे कुणाच्या तरी घरची चादर, रंगभूषा म्हणजे सफेदा आणि काजळ. मिसरूड फुटण्याआधीपासून भिवा सावकार व्हायचे, फौजदार व्हायचे, कंपनीतला मुकादम व्हायचे. खराखुरा मुकादम पहिल्या रांगेत बसलेला असायचा आणि सगळ्यांत जास्त तोच हसायचा. अंधारातून येणारा तो हशा एकदा अंगावर घेतला, की माणूस जन्मभर त्याच्याच शोधात राहतो. फार गोड व्यसन आहे ते. पुढे सरकारी नोकरी लागली, मुंबईला जावं लागलं, जलसा सुटला. बंगल्यामागच्या नोकरांच्या खोल्यांत, दार लावून, आचारी आणि ड्रायव्हर यांच्यासमोर नकला तेवढ्या उरल्या.

मंत्री आले, गेले. त्यात हिंदुराव कडूसकर सगळ्यांत जास्त टिकले, आणि त्यांचे खासगी सचिव समाधान विभूतेही. बंगल्यात कुणी यायचं, कुणी व्हरांड्यात ताटकळायचं, कुठली फाईल वर ठेवायची, हे सगळं विभूत्यांच्या बोटांवर. माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. यशोदाबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी स्वतः दवाखान्यात फोन केला होता, संध्याकाळी येऊन बसलेही होते. भिवा ते कधी विसरले नाहीत.

निवृत्तीनंतर विभूत्यांनी तळेगावला बंगला बांधला. हिंदुराव आपल्याला कुठल्यातरी आयोगावर बसवतील, अशी त्यांची खात्री होती. हिंदुरावांनी ती जागा आपल्या व्याह्याला दिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत विभूते पिंपळे गुरवला, भिवांच्या दारात आले.

"भिवाभाऊ, मी लिहायला घेतलंय."

नोकरीत ते नुसतं 'भिवा' म्हणत. त्या 'भाऊ'नंच भिवा अर्धे विरघळले.

"काय लिव्हताय साहेब?"

"सत्य. आपण जे आतून पाहिलं ते. आता गप्प बसणं म्हणजे पाप आहे."

यशोदाबाई आतून म्हणाल्या, "आधी जेवा, मग सत्य लिहा. कालवण निवतंय."

विभूते जेवले, दुसऱ्यांदा भात घेतला, आणि हात पुसून फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवला. "तो कलपाचा प्रसंग," ते म्हणाले. "मी तेव्हा बाहेर होतो. आत काय झालं ते तुम्हीच पाहिलंत."

प्रसंग असा होता. हिंदुरावांकडे तेव्हा कामगार खातं होतं. चाकणच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग रंगवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात आग लागून काही कामगार गेले. त्यांच्या बायका टेम्पोत बसून थेट मुंबईला बंगल्यावर आल्या. बाहेर खडीवर उन्हात बसल्या. आत हिंदुराव खुर्चीत बसले होते, गळ्यात टॉवेल, डोक्यावर ताजा कलप. रात्री एका मोठ्या घरचं लग्न होतं. कलपाची वाटी धरून भिवा मागे उभे होते.

भिवांनी तेच उभं केलं. यशोदाबाईंचा टॉवेल गळ्यात घेतला, स्टीलची वाटी स्टुलावर ठेवली आणि खुर्चीत मान खांद्यांत ओढून बसले.

"बायका आल्यात? येऊ द्या की. बसू द्या. कलप वाळूस्तवर बसत्याल, कुठं जात्यात. का असंच डोक्याला काळं फासून रडाया जाऊ?"

मग आरशात बघणं, मग कानामागचा डाग बोटानं चाचपणं, मग "गरम हुतंय, पंखा वाढव, म्हंजी लौकर वाळंल". मग उठून, चेहरा पाडून, दारापर्यंत जाता जाता एकेका पावलाला दुःख वाढवत नेणं. आणि बाहेर आल्यावर रडणं. हिंदुराव खरंच रडले होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी. पण घामानं ओला कलप सुटला आणि कानामागून काळी धार पांढऱ्या कॉलरवर उतरली, आणि कॅमेरे समोर असताना भिवांनी मागून रुमालानं ती टिपली. दुसऱ्या दिवशी पेपरातल्या फोटोत भिवांचा हात तेवढा आला होता.

विभूते हसून हसून खोकायला लागले. "ते पुन्हा करा. 'काळं फासून' पुन्हा करा, भाऊ."

भिवांनी पुन्हा केलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी समोर बसून मागत होतं.

त्या प्रसंगात आणखी एक पात्र होतं. ते मात्र भिवांनी वगळलं. घरी जेवायला आलेल्या पाहुण्याची नक्कल त्याच्या तोंडावर करू नये, एवढी रीत नकलाकार पाळतो.

पुस्तक निघालं. 'दाराआडचे मंत्री: एका खासगी सचिवाची साक्ष'. चिंचवडच्या नाट्यगृहात प्रकाशन झालं. भिवा इस्त्रीचा शर्ट घालून, लेक अंजलीला घेऊन तिसऱ्या रांगेत बसले. रंगमंचावर सगळे निवृत्त साहेब. हल्ली निवृत्त झालेला प्रत्येक साहेब पुस्तक लिहीत होता, आणि ज्यांची निघाली होती ते ज्याचं निघत होतं त्याला हार घालत होते. एकजण माईकवर म्हणाले, "आम्ही त्या खुर्च्यांवर बसून आतून जळत होतो."

भिवा अंजलीच्या कानाशी वाकले. "ह्यो. ह्यो आंब्याच्या पेट्या घेऊन यायचा सकाळीच. 'साहेबांचा मूड कसाय' म्हणून आधी मला इचारायचा, मंग आत जायचा."

"जळत होते ना आतून," अंजली म्हणाली. "म्हणून आंबे पिकायचे."

भिवा हसले. साहेबांच्या समोर ही सगळी मंडळी कशी उभी राहायची ते त्यांनी पाहिलं होतं. 'होय साहेब' एवढ्या दोन शब्दांत किती प्रकारे वाकता येतं, त्याच्या नकला त्यांना तोंडपाठ होत्या. आता तीच माणसं छाती काढून बसली होती. ज्याच्या ताटात उभा जन्म जेवले त्याच्यावर थुंकताना त्यांचा एक थेंब स्वतःच्या शर्टावर पडत नव्हता. आणि गंमत म्हणजे हिंदुरावांबद्दल ते जे बोलत होते ते सगळं खरं होतं.

घरी पेढे वाटून झाले, आणि मग अंजलीनं पुस्तक वाचलं. ती मराठीची प्राध्यापक. चाकणला हिंदुरावांच्याच शिक्षणसंस्थेच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की घरी. कितीतरी वर्षांनी पूर्णवेळ जागेची जाहिरात निघाली होती, मुलाखत तोंडावर आली होती. रोज कंपन्यांच्या बसगाड्या आणि कंटेनर यांच्यामधून स्कूटर काढत ती जायची, आणि या वेळी जागा आपलीच, असं सगळे तिला सांगत होते.

"पप्पा, ऐका हं," तिनं पान उघडलं. "चांगलं झालं तिथं 'मी'. 'मी सुचवले', 'मी ठामपणे बजावले'. आणि आता कलपाचं प्रकरण. 'त्या महिलांना साहेब पूजेत असल्याचे सांगण्यात आले.' कोणी सांगितलं?"

"विभूत्यांनी. दारात जाऊन, हात जोडून."

"'शोकसंदेश तयार करण्यात आला.'"

"त्यांनीच केला. बायका यायच्या आदीच टाइप करून ठिवला व्हता."

"'महिलांना पाणी देण्यात आले नाही.'"

पाण्याचा जग भरून भिवा निघाले होते. 'राहू दे, एकदा पाणी दिलं की हलायच्या नाहीत,' असं म्हणून विभूत्यांनीच तो परत आत पाठवला होता.

"म्हणजे अख्ख्या प्रकरणात नावानिशी काही करणारी माणसं दोनच," अंजली म्हणाली. "एक हिंदुराव. आणि हे बघा. 'हा प्रसंग बंगल्यावरील शिपाई भिवा ओव्हाळ यांनी मला साभिनय सांगितला.' बाकी सगळं आपोआप झालंय." ती हसायला लागली आणि मध्येच थांबली. पुस्तक मिटून तिनं टीव्हीवर ठेवलं.

"आणि आम्ही पेढे वाटले," यशोदाबाई म्हणाल्या. "तुमचं नाव छापून आलं म्हणून."

चारच दिवसांत प्राचार्यांनी अंजलीला बोलावून घेतलं. "मॅडम, तुमचे वडील कलावंत आहेत म्हणे," ते म्हणाले. एवढंच. मुलाखत पुढे ढकलली गेली. मग आणखी पुढे गेली. भिवांनी विभूत्यांना फोन लावला, तो कुणी उचलला नाही. तळेगावला जाऊन आले, तर साहेब व्याख्यानाला सांगलीला गेलेले.

त्या दिवसांत एक बाई घर शोधत आल्या. अंबुबाई, चिखलीला राहणाऱ्या. आगीत त्यांचा नवरा गेला होता. त्या खडीवर बसलेल्यांपैकी त्या एक. शेजारच्या कुणीतरी त्यांना ते प्रकरण वाचून दाखवलं होतं. दारात चपला काढून त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. खुर्ची दिली तरी उठल्या नाहीत.

"दादा, ते पुस्तकात हाय ते खरं हाय का? ते कलपाचं?"

"खरं हाय," भिवा म्हणाले.

"आन् पूजा?"

"पूजाबिजा काय नव्हती."

अंबुबाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "आमाला सांगितलं पूजा हाय. मंग आमी बोललो न्हाई. देवाचं काम चाललंय, कशाला कालवा. माजं लेकरू मांडीवर व्हतं, उनानं रडाया लागलं. मी त्याचं तोंड दाबून धरलं." त्यांनी हात तसा धरून दाखवला, पालथा, बोटं जुळवून. "पूजा हाय म्हणून."

यशोदाबाईंनी चहा आणला. त्यांनी तो घेतला आणि जाताना म्हणाल्या, "छापलं ते बरं केलं दादा. आमी सांगायचो तर लोक म्हनायचे, साहेब किती रडले, तुमीच असं बोलताय. आता कुनी म्हनत न्हाई."

त्या गेल्यावर भिवा जेवले नाहीत. हिंदुरावांची ती नक्कल आपण कितीदा केली, किती हशे घेतले, आणि त्या वेळी दाराबाहेर एक बाई लेकराचं तोंड दाबून बसली होती. हे त्यांना माहीत नव्हतं यात त्यांचा दोष नव्हता. पण त्या हशांचा वास आता वेगळा यायला लागला.

उन्हाळा लागायच्या सुमारास एके सकाळी गल्लीत पांढरी गाडी थांबली. आधी उतरले हिंदुराव. मागून मिठाईचा खोका धरून विभूते. खोका त्यांनी अगदी पूर्वीसारखा धरला होता, दोन्ही हातांनी, छातीशी, साहेबांच्या अर्धं पाऊल मागे. भिवांना वाटलं आपल्याला काहीतरी चुकून दिसतंय.

"भिवा, लेका, म्हातारा झालास की रं," हिंदुराव प्लास्टिकच्या खुर्चीत बसत म्हणाले. "यशोदावैनी, गुडघा कसा हाय? डावा व्हता ना?"

डावाच होता. यशोदाबाईंनी डोक्यावर पदर घेतला. असा हा माणूस. नाव विसरणार नाही, गुडघा विसरणार नाही. पुस्तक आल्यापासून त्यांनी कलप सोडला होता, आणि पांढऱ्याशुभ्र केसांत ते कीर्तनाला उभं राहावं तसे दिसत होते. लोक म्हणत, टीकेनं माणूस किती बदलला.

"आमच्या विभूत्यांचं अन् माझं भांडण मिटलं," ते म्हणाले. "घरातली भांडणं. मी म्हणालो, अहो तुमचा अनुभव संस्थेला द्या की. आता ते आपल्या संस्थेचे सल्लागार."

"सर्व गैरसमज दूर झाले," विभूते म्हणाले आणि पुस्तकाची नवी आवृत्ती भिवांच्या हातात दिली. मुखपृष्ठ तेच. कलपाचं प्रकरण नव्हतं. प्रस्तावनेत एक नवा परिच्छेद होता, तो अंजलीनं उभ्या उभ्या मोठ्यानं वाचला. "'कलपाचा प्रसंग हा एका शिपायाने केवळ करमणुकीसाठी केलेल्या नकलेवर आधारित असल्याचे निदर्शनास आल्याने वगळण्यात आला आहे.'"

"साहेब," भिवा म्हणाले, "तुमी स्वतः दारात व्हता."

"भिवाभाऊ, स्मृती फसवी असते."

हिंदुराव मोठ्यानं हसले. "सोड रं ते. हे बघ, तुझी नक्कल तू मला कधी दावली न्हाईस. चोरून करायचास व्हय? रविवारी सकाळी चिंचवडला कार्यक्रम हाय, ह्याच पुस्तकाचा. तू स्टेजवर ये आन् कर. टॉवेल घे, वाटी घे, सगळं कर. मी समोर बसतो. मी हसलो की लोक हसत्यात. मिटला इषय. नक्कल ती नक्कल, तिच्यात खरं-खोटं काय असतंय?"

"हा कलावंत म्हणून तुमचा गौरव आहे," विभूते म्हणाले.

निघताना हिंदुराव दारात थांबले. "अंजलीताईंचं मुलाखतीचं रखडलंय म्हणं. प्राचार्य लई सावकाश माणूस. बघू की. सोमवारी बघू."

गाडी गेली. घरात कुणी मिठाईचा खोका उघडेना.

"करा ना," यशोदाबाई शेवटी म्हणाल्या. "जन्मभर फुकट केलीत. एकदा लेकीसाठी करा. खोटं बोला असं कुठं म्हणतोय तो? नक्कलच कर म्हणतोय."

"तोच तर डाव हाय त्याचा. मी नक्कल करायची, त्यानं हसायचं. मंग ती बाई खोटी पडती."

"त्या बाईला कोण विचारतंय?"

बोलून गेल्यावर यशोदाबाईंनाच ते लागलं. त्या उठून आत गेल्या. भिवांनी अंजलीकडे पाहिलं.

"मला विचारू नका, पप्पा," ती म्हणाली. "मी काहीही म्हटलं तरी ते माझ्या नोकरीचंच बोलणं होईल."

भिवांच्या मनात आणखी एक गोष्ट होती आणि तिची त्यांना लाज वाटत होती. जन्मात ते खऱ्या नाट्यगृहाच्या रंगमंचावर उभे राहिले नव्हते. बाकं जोडून, चादर लावून झालं ते झालं. विंगा, मखमली पडदा, डोळ्यांवर येणारे दिवे, गच्च भरलेलं प्रेक्षागृह, हे सगळं आता समोरून चालत आलं होतं, आणि त्याला हिंदुरावांच्या अत्तराचा वास येत होता.

रविवारी ते गेले. टॉवेल पिशवीत घेतला. विंगेत उभं राहून त्यांनी वाकून रंगमंचाला हात लावला, तो कपाळाला लावला. पुढे विभूते माईकवर बोलत होते, नक्कल ही कशी कल्पनेची मुक्त लीला असते, कलावंताला तिथं कशी मोकळीक असते. मग भिवा ओव्हाळ यांचं नाव पुकारलं गेलं. टॉवेल गळ्यात टाकून ते पुढे आले. मध्यभागी खुर्ची ठेवलेली होती. स्टुलावर वाटी होती. सगळा सरंजाम संस्थेच्या माणसांनी नीट आणून ठेवला होता.

दिव्यांत आल्यावर आधी काही दिसत नाही. मग हळूहळू पहिली रांग उजळते. हिंदुराव मधोमध बसले होते. त्यांचा चेहरा हसण्यासाठी आधीच तयार होता. गाल वर गेलेले, ओठ अर्धवट सुटलेले, फक्त आवाज यायचा बाकी. भिवांनी उभं आयुष्य त्या चेहऱ्याचा अभ्यास केला होता. बंगल्यासमोर रडायला बाहेर पडताना दारात थांबून तो असाच तयार व्हायचा. फक्त रडण्यासाठी. त्यांना शिसारी आली. या माणसाची नक्कल आपल्या अंगावर चढवायची म्हणजे त्याचं उतरलेलं, घामेजलेलं बनियन घालायचं, असं त्यांना वाटलं.

त्यांनी खुर्ची उचलून बाजूला ठेवली. वाटी तिच्यावर ठेवली. गळ्यातला टॉवेल काढून डोक्यावर घेतला, त्याचं एक टोक दातांत धरलं, आणि रंगमंचाच्या मधोमध खाली बसले.

मागच्या रांगांत हशा झाला. म्हातारा बाई झाला म्हणून कुणीतरी शिट्टी मारली. भिवांनी मांडी घातली, मांडीवर काहीतरी घेतलं, त्याच्यावर टॉवेलाची सावली धरली. खालची खडी टोचते म्हणून एका अंगावरून दुसऱ्या अंगावर झाले. दाराकडे पाहिलं. कुणी नाही. पुन्हा मांडीवरच्याला थोपटलं. ऊन सरकलं तसे बसल्या बसल्या थोडे सरकले. दार उघडल्यासारखं वाटून अर्धवट उठले, पुन्हा बसले. मांडीवरचं रडायला लागलं. त्यांनी हलवलं, फुंकर घातली, ते थांबेना. तेव्हा त्यांनी पालथा हात, बोटं जुळवून, त्याच्या तोंडावर ठेवला. घट्ट.

"गप," ते म्हणाले. त्या सबंध प्रयोगात ते एवढंच बोलले. "गप. ते साहेब सांगून गेल्यात, आत पूजा चाललीया."

आणि सांगून गेलेले साहेब जिथं उभे होते, त्या माईककडे त्यांनी डोळे वर करून पाहिलं. बाईनं पाहिलं असतं तसं, रागानं नव्हे, विश्वासानं. विभूते कागद चाळायला लागले.

हशा कुठं कुठं विझत गेला, कुठं उशिरा पुन्हा उठला, कारण काही लोकांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. पडदेवाल्याला पडदा कधी टाकायचा ते समजेना. भिवा बसून राहिले. मग पहिल्या रांगेतून टाळी आली. हिंदुराव. उभे राहून, हात डोक्याच्या वर नेऊन ते टाळ्या वाजवत होते, आणि त्यांच्यामागे सगळं नाट्यगृह उभं राहिलं. कडकडाट. भिवांना वाटलं होतं, निदान हे तरी त्याला गिळता येणार नाही. त्यानं तेही गिळलं. जन्मभर ज्या आवाजाची भूक होती तो आवाज छपरापर्यंत भरला, आणि भिवांना ओकारी आली.

हिंदुराव शाल घेऊन वर आले. कॅमेऱ्यांकडे तोंड करून त्यांनी भिवांना कवेत घेतलं, डोळे पुसले. डोळे खरंच ओले होते. आणि हसता हसता त्यांच्या कानात म्हणाले, "हे न्हाई करायचं व्हतं, भिवा."

विभूते माईकवर सांगत होते की असा संवेदनशील कलावंत आम्हाला बंगल्यावरच सापडला.

अंजली बाजूच्या जिन्यानं विंगेत आली. वडिलांच्या खांद्यावरची शाल तिनं काढली, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. "चला," ती म्हणाली. चहापाण्याला ते थांबले नाहीत.

स्कूटरवरून दोघं निघाले. वाटेत एका मिसळीच्या हॉटेलासमोर तिनं गाडी उभी केली. भिवा म्हणाले, भूक न्हाई. ती म्हणाली, मला आहे. टेबलाशी बसून भिवा धुतल्यासारखे हात पुन्हा पुन्हा एकमेकांवर चोळत राहिले.

"तुजे तास बी जात्याल आता," ते म्हणाले.

"जातील."

"आईला काय सांगू?"

"मी सांगते. तुम्ही खा."

मिसळ आली. तिनं पहिला घास घेतला आणि फोन वाजला. स्क्रीनवर प्राचार्यांचं नाव होतं. भिवांनी चमचा खाली ठेवला. फोन बराच वाजू दिल्यावर अंजलीनं बोटं पुसली आणि उचलला. पलीकडून प्राचार्य बराच वेळ बोलत होते. हॉटेलात रविवारची गर्दी होती, कुणीतरी तर्री मागत होतं, त्या गलक्यात भिवांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ते नुसते लेकीच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"हो सर," ती म्हणाली. "पाहिलं मी. तिथंच होते." मग थोडं थांबून, आजूबाजूच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "नाही, नाही, ओळखण्यात चूक कशी होईल. ते माझेच वडील."